नवलखेड्याच्या लाल गोळ्या

धुळ्याच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवणाऱ्या लाडकुंवर हीरालाल बेदमुथा यांना पोरं पाठीमागे 'लाडूबाई' म्हणायची, आणि बाईंना ते चांगलं ठाऊक होतं. एकदा कोणीतरी फळ्यावर छान वाटोळा लाडू काढून ठेवला. बाईंनी तो पुसला नाही. त्याच्याशेजारी आणखी एक काढला आणि म्हणाल्या, "एक मला, एक काढणाऱ्याला. चला, आता वह्या काढा." वर्ग असा खदखदला की शेजारच्या खोलीतले इतिहासाचे सर दारात येऊन उभे राहिले.

बाई अंगाने काटकुळ्या. फिकट रंगाचं सुती पातळ, मोकळं कपाळ, हातात घड्याळ आणि दुसऱ्या हातात काहीच नाही. ते मोकळं कपाळ बघून नवी माणसं जरा जपून बोलायची, पण बाईच अशा काही घडाघडा बोलायला लागत की समोरच्याची दया तिथल्या तिथे आटून जाई.

त्यांचं माहेर जळगावचं. दाणा बाजारात हीरालालजींचं धान्याचं दुकान. चौदाव्या वर्षी लाडकुंवर बोदवडच्या एका घरात सून म्हणून गेली आणि दोन वर्षांत विषमज्वराने नवरा गेला. सासरच्यांनी तिला मागच्या खोलीत बसवली. हीरालालजी तिथे गेले, चहासुद्धा न घेता पोरीचं बोचकं उचललं आणि तिला स्टेशनावर घेऊन आले. पेठेत कुजबुज झाली तेव्हा गादीवर बसल्या बसल्या ते गरजले, "अरे, गव्हाला सोंडा लागला तर व्यापारी माल परत घेतो. आणि मी माझी पोर घ्यायची नाही?" पेठ गप्प बसली. सोंडा म्हणजे धान्यातला किडा, त्याची गोष्ट दाणा बाजारात सगळ्यांना कळते.

मग लाडकुंवर शिकली. घरात बसून मॅट्रिक, जळगावला कॉलेज, पुण्याला एम. ए. एकसष्ट साली धुळ्याला नोकरी लागली. तिची आई सुगनबाई देवाला हात जोडून म्हणाली, "आता तरी झालं ना शिकून?" झालं कुठलं! बाईंच्या डोक्यात संशोधन शिरलं होतं. विषय, पौगंडावस्थेतील मुलामुलींची वाढ आणि आरोग्य. कॉलेजच्या हेडक्लार्कला पौगंडावस्था हा एखादा रोग वाटला. रजेच्या अर्जावर तो शब्द वाचून तो कळवळून म्हणाला, "बाई, काळजी घ्या, औषध आहे म्हणतात हल्ली."

एकदा कोणीतरी विचारलं, की हाच विषय का? बाईंनी हसतहसत सांगितलं, "चौदाची सून झाले आणि सोळाची विधवा. मधलं माझं वय कोणी खाल्लं, ते शोधतेय." हसतहसत सांगितलं खरं, पण ऐकणारा काही हसला नाही.

पीएच.डी.ला आणखीही एक कारण होतं, ते रोखठोक होतं. विभागाची खुर्ची लवकरच रिकामी होणार होती आणि प्राचार्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, की पदवी असेल तर खुर्ची तुमची, नाहीतर बाहेरचा माणूस येईल. इकडे हीरालालजी तर पेठभर सांगत सुटले होते की लाडू डॉक्टर होणार. त्यामुळे दोन-चार जणांनी दुकानात येऊन त्यांना घसा दाखवला. म्हातारा तेवढ्यानेही खूश. त्यांना दम्याचा त्रास होता आणि ते म्हणत, "तेवढं डॉक्टर म्हणून तुझं नाव पुकारलेलं ऐकलं, की मी जायला मोकळा."

बाईंनी चार गावांच्या शाळा निवडल्या. त्यातली एक बोरी नदीकाठच्या नवलखेड्याची. सहासष्टच्या जूनमध्ये त्या पहिल्यांदा तिथे एस.टी.तून उतरल्या, तेव्हा बसच्या टपावर भावाने, अभयकुमारने, दुकानातून दिलेला पोती मोजायचा काटा होता. शाळेतली पोरं त्या काट्यावर उभी राहायची आणि एकमेकांना विचारायची, "तू किती मण?" मुख्याध्यापक जीवराम गुरुजी भला माणूस, पण फार उत्साही. बाईंनी छापील प्रश्न वाटले, 'मोठेपणी काय व्हावेसे वाटते?' सगळ्या मुलांचं उत्तर एकच आलं, 'आदर्श नागरिक.' गुरुजींनी फळ्यावर लिहून दिलं होतं.

बाईंनी ते छापील कागद गुंडाळून ठेवले. पुढच्या खेपेला त्या भुईमुगाच्या शेंगांचं पोतं घेऊन आल्या. नकाशे ठेवायच्या खोलीत चटई टाकली आणि एकेका मुलीला समोर बसवून दोघी शेंगा फोडत बसल्या. डोळ्यांत बघून विचारलं तर पोर आक्रसते. हाताला काम आणि नजर शेंगेवर असली, की तोंड आपोआप चालू होतं. ही बाईंची स्वतःची पद्धत, कुठल्या पुस्तकात नव्हती. पुण्याच्या गाइडना, देवस्थळीसरांना, त्यांनी हे कळवलं तेव्हा सरांनी विचारलं होतं, "आणि दाणे कोण खातं?"

या शेंगा फोडता फोडता एके दिवशी बेबा बोलली. बेबा म्हणजे चुडामण पाटलांची मुलगी, वय तेरा, वर्गात पहिली, वेण्या घट्ट आणि तोंड सदा बंद. ती टरफल चुरत म्हणाली, "बाई, कोनले सांगशात नही ना?"

"नाही सांगणार."

"माले कावळा शिवस. वरीस व्हयनं. घरम्हा फक्त मायले माहीत शे."

बाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. वर्ष झालं आणि घरात कळलं नाही? हे कसं शक्य आहे? त्या गावात पोर न्हातीधुती झाली की चार दिवस बाहेर बसायची, अंगणातल्या पोत्यावर, सगळ्या गल्लीला दिसेल अशी. मग महिन्या-दोन महिन्यांत परकर जाई, लुगडं येई, शाळा सुटे आणि दिवाळीनंतर लगीन. बेबाच्या आईने, सुंदरबाईने, हे सगळं एका झटक्यात टाळलं होतं. तिने लेकीला बाहेर बसवलंच नाही. बेबा पाणी भरत होती, भाकरी थापत होती, श्रावणात कानबाईच्या रोटाचे गहू दळायलासुद्धा बसली होती. कानबाई म्हणजे खानदेशातली घरोघरची देवी. तिचा रोट फक्त भाऊबंदांनी खायचा आणि त्याला विटाळाचा वारासुद्धा लागू द्यायचा नाही. आणि इथे सुंदरबाईने पोरीला जात्यावर बसवली!

"मनी माय म्हनस, फायनल व्हऊ दे," बेबा म्हणाली. "मंग अंमळनेरले हायस्कूल. माले मास्तरीन व्हनं शे."

सातवीची फायनल पुढच्या वर्षी होती. बाईंनी तिला शब्द दिला, की ही गोष्ट या चटईवरून उठणार नाही. आणि बाईंनी तो शब्द पाळला. कोणाला सांगितलं नाही, कागदावर नाव घातलं नाही. तोंडून एक अक्षर निघालं नाही. आणि तरी व्हायचा तो घोटाळा झालाच.

झालं असं, की मुलींचं रक्त तपासल्यावर दिसलं, ज्यांची पाळी सुरू झाली त्यांच्या अंगात रक्त फार कमी होतं. धडा वाचता वाचता पेंगायच्या, पाढे विसरायच्या. बाईंच्या प्रबंधाचा गाभाच तो होता, की या मुलींना लोहाच्या गोळ्या दिल्या तर त्यांचं लक्ष आणि पाठांतर सुधारतं का? जिल्ह्याच्या आरोग्य खात्याने लाल रंगाच्या रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. देवस्थळीसरांनी आखणी करून दिली. ज्या वयात आल्या त्यांना गोळी, ज्या नाही आल्या त्यांना नाही, आणि दोन्ही गटांची तुलना. कागदावर कसं चोख! सदुसष्टच्या आषाढात बाईंनी नवलखेड्यातल्या सात-आठ मुलींना, त्यात बेबालाही, पुड्या बांधून दिल्या आणि खुशीत धुळ्याला परतल्या. आपण मानसशास्त्र शिकवतो, पण गाव म्हणजेही एक डोकं असतं आणि तेही विचार करतं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. शिकलेली माणसं अशी ठेच खातात.

श्रावणात त्या परत गेल्या तेव्हा बेबा शाळेत नव्हती. दुसरी एक मुलगी नव्हती. तिसरी वर्गात होती, पण नऊवारी लुगड्यात, आणि मान वर करत नव्हती. जीवराम गुरुजी खडू हातात फिरवत राहिले. सांगायची त्यांना लाज वाटत होती.

"बाई, गावाने हिशेब लावला," ते शेवटी म्हणाले. "पाणवठ्यावर बायका बोलल्या, की ज्या पोरी बाहेर बसतात त्यांनाच बाई लाल गोळी देते. इथपर्यंत ठीक. मग कोणीतरी म्हणालं, चुडामणच्या बेबाला गोळी कशी? ती तर कधी बाहेर बसत नाही. आणखी दोघींचंही तसंच उघडं पडलं."

"मग?" बाईंनी विचारलं.

"चुडामणने सुंदरबाईला माहेरी धाडलं," गुरुजी म्हणाले. "मारलं नाही, तसा तो माणूस नाही. पण धाडलं. गेल्या वर्षीच्या रोटाला विटाळ झाला म्हणून भाऊबंद त्याच्या घरी यंदा रोटाला येणार नाहीत. आणि बेबाचं पारोळ्याकडे ठरतंय. दिवाळीनंतर."

बाईंनी डोकं धरलं. बोलले नाही, लिहिलं नाही, आणि गावभर दवंडी पिटल्यासारखं सांगून बसले! तीसुद्धा पोरीच्याच हातात पुडी देऊन! पोरीने विश्वासाने सांगितलं आणि आपण तिला चिठ्ठी चिकटवल्यासारखी गोळी चिकटवली. त्या दाराकडे निघाल्या. गुरुजी म्हणाले, "कुठे जाता? आता चुडामणच्या घरी सगळे बसलेत, कौतिक आबा आहेत. तुम्हाला कोणी सरळ बोलणार नाही." बाई म्हणाल्या, "नाही बोललं तर ऐकून घेईन."

चुडामण पाटलांच्या ओट्यावर खरंच बैठक होती. भाऊबंदांत वडील असलेले कौतिक आबा खाटेवर. खांबाला टेकून चुडामण, आणि उंबऱ्यात त्याची आई भिकुबाई, तोंडात तपकीर, डोळे अर्धे मिटलेले. सगळं गाव तिला घाबरायचं. बेबा आतल्या अंधारात होती. तिच्या घट्ट वेण्या सुटलेल्या होत्या, एवढंच बाईंना दिसलं.

चुडामण चिडलेला नव्हता. चिडला असता तर बरं झालं असतं. तो शहरच्या मराठीत, मोजून मापून बोलला, "बाई, मी पोरीचा दुश्मन नाही. तिची आई मला म्हणाली असती, की दोन वर्षं थांबा, तर मी थांबलो असतो की नाही ते मला माहीत नाही, पण मला विचारायला हवं होतं. माझ्याच घरात मलाच येडं बनवलं. आता भाऊबंद माझ्या ओट्यावर जेवणार नाहीत. मी पोरीला घरात ठेवू कशी?"

खरं सांगायचं तर तो खोटं काहीच बोलत नव्हता.

तेवढ्यात उंबऱ्यातून भिकुबाईचा आवाज आला. "बाई, तू शिकेल शे. तूच सांग. गोळी कोनले देस तू?"

लाडकुंवरबाईंना कळलं की सगळं या एका उत्तरावर आलंय. त्या जैनांच्या घरातल्या, खोटं बोलू नये हे दुधाबरोबर प्यालेल्या. आणि संशोधक, म्हणजे जे आहे ते आहे तसं मांडायचं, हाच त्यांचा धंदा. त्यांनी आत पाहिलं. बेबा त्यांच्याकडेच बघत होती.

"ज्या पोरी वजनाला हलक्या, त्यांना," बाई म्हणाल्या. "मी काट्यावर मोजते ना, त्यावरून."

"मंग ज्या बाहेर बसतस त्यासलेच काब भेटनी?" कौतिक आबांनी लगेच पकडलं. म्हाताऱ्याचं डोकं तल्लख.

"त्या वयात पोरी झपाट्याने उंच होतात आबा, अंग धरत नाही. म्हणून बऱ्याच त्यांतल्या निघाल्या. बेबा त्यांतली नाही. बेबा नुसतीच हलकी आहे. मला विचारून का नाही घेतलं तुम्ही? एवढ्यावरून बाईमाणूस घरातून काढलंत?" शेवटचं वाक्य त्या चांगल्याच चढ्या आवाजात बोलल्या. खोटं बोलताना माणसाला राग फार मदत करतो.

चुडामणने मान वर केली. त्याच्या डोळ्यांत आशा आली होती, बिचाऱ्याला तेवढंच तर हवं होतं. पण कौतिक आबा मान हलवत होते.

मग भिकुबाई उठली. आत गेली आणि नातीला दंडाला धरून ओट्यावर घेऊन आली. "तोंडनं कोनबी सांगस," ती म्हणाली. "पोरीना डोकावर हात ठेव आनि सांग."

आता ही शपथ साधी नव्हे. लेकराच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोललं, तर ते त्या लेकराला भोवतं, असं त्या मुलखात सगळे मानतात. देवाची शपथ माणूस मोडेल, ही मोडणार नाही. म्हणूनच ती मागतात. लाडकुंवरबाईंचा यावर विश्वास नव्हता. वर्गात त्या अंधश्रद्धेवर तासच्या तास बोलल्या होत्या. तरी हात उचलताना त्यांना काहीबाही दिसायला लागलं, ताप, विहीर, साप. त्या पोरीचं डोकं गरम होतं, रडून रडून तापलेलं.

"हिच्या डोक्यावर हात ठेवून सांगते," त्या म्हणाल्या. "बेबाला गोळी दिली ती वजन कमी म्हणून. दुसरं कारण नाही."

मग कौतिक आबांनी खाटेखालच्या वहाणा पायात सरकवल्या आणि चुडामणला म्हणाले, "सूनले लई ये. रोट व्हई." झालं. शपथ झाली की बोलणं संपलं.

बाई एस.टी.च्या थांब्याकडे चालत गेल्या आणि रस्त्यात एका बांधाशी बसल्या. तिथेच त्यांनी पुढचा विचार केला, कारण अजून अर्धं काम बाकी होतं. पुढच्या खेपेला त्यांनी नवलखेड्यात आणि बाकीच्या तिन्ही गावांत लाल गोळ्या सरसकट वाटल्या. बारकुल्या पोरींना, थोराड पोरींना, मिसरूड फुटलेल्या पोरांनासुद्धा. पोरांनी त्या चोखून जिभा लाल केल्या. गोळीवरून आता कोणाचं काही कळेना. पारोळ्याकडचं ठरता ठरता राहिलं, सुंदरबाई परत आली, आणि बेबा पुन्हा शाळेत येऊन पहिल्या ओळीत बसली. दुसऱ्या मुलीचं लग्न मात्र झालं. तिचं घर बाईंना गाठता आलं नाही, आणि त्या मुलीचा चेहरा त्यांना पुढे पुष्कळ वर्षं आठवत राहिला.

आणि प्रबंध? प्रबंधाचं कंबरडंच मोडलं. दोन गट होते ते एकात एक मिसळले. देवस्थळीसरांनी पुण्याला बोलावून घेतलं आणि खुर्चीतून उठूनच बोलले, "बेदमुथाबाई, काय केलंत हे? दोन वर्षांची मेहनत मातीत!" मग जरा शांत होऊन म्हणाले, "अजून एक वाट आहे. गोळ्या सरसकट वाटायच्या आधीची माहिती आहे तुमच्याकडे. तेवढ्यावर उभं करू. कोणत्या मुलींना, कशावरून निवडून गोळ्या दिल्या, ते स्वच्छ लिहा. मी सही करतो."

"ते लिहिता येणार नाही, सर."

"गावांची नावं बदला. एवढंच ना?"

"सर, धुळे जिल्हा म्हणजे काही मुंबई नाही. चार शाळा, मी एकटी बाई, आणि गोळ्या लाल. मला डिग्री मिळाली की पेपरात छापून येईल, जीवराम गुरुजी मोठ्या कौतुकाने कॉलेजात येऊन प्रबंध मागतील आणि वर्गात वाचून दाखवतील. नाव बदलून मी कोणाला फसवणार?"

"मग वजनावरून निवडल्या असं लिहा," सर चेष्टेने म्हणाले.

"गावात खोटं बोलले ते एका पोरीसाठी. कागदावर बोलले तर ते माझ्यासाठी होईल," बाई म्हणाल्या. सरांनी चहा मागवला, आणि पुन्हा तो विषय काढला नाही. माणूस कडक होता, पण मोठा होता.

खुर्चीवर बाहेरचा माणूस आला, बाईंपेक्षा वयाने लहान. बाईंनी त्याला पहिल्या दिवशी स्वतः खोली दाखवली. त्यांचं गावोगाव हिंडणं थांबलं नाही. जिल्हा परिषदेच्या कचेरीत जाऊन, साहेबांच्या टेबलापाशी ठाण मांडून, त्या भांडत राहिल्या, की गोळ्या द्यायच्या तर वर्गातल्या सगळ्यांना द्या, निवडून देऊ नका. का, ते मात्र कधी सांगायच्या नाहीत. साहेब लोकांना ती बाई हेकट वाटायची.

अवघड गेलं ते जळगावला. हीरालालजी गादीवर उशांना टेकून बसलेले, धाप लागलेली. "बेटा लाडू, डॉक्टर कधी?" बाई म्हणाल्या, "बाबूजी, नाही होणार. सोडलं मी." म्हातारा म्हणाला, "तोट्यात सोडलंस की फायद्यात?" बाईंनी सांगितलं, "एका पोरीच्या फायद्यात." तो हूं म्हणाला. पुढे काही विचारलं नाही. पुढच्या थंडीत तो गेला, आणि त्याने ऐकायचं ते राहूनच गेलं. बाई त्या दिवशी कोणासमोर रडल्या नाहीत. धुळ्याला परत येताना एस.टी.त मात्र त्यांना आवरलं नाही. शेजारच्या बाईने काही न विचारता त्यांना पाणी दिलं.

दरवर्षी पर्युषणात, सगळे एकमेकांची क्षमा मागतात त्या दिवशी, लाडकुंवरबाई त्या खोट्या शपथेसाठी उपवास करायच्या. आणि नवलखेड्याकडून कोणी भेटलं की आधी विचारायच्या, "चुडामण पाटलांची बेबा बरी आहे ना?" कधी बेबाला हिवताप आल्याचं कळलं, तेव्हा त्यांना चार घास गोड लागले नाहीत. विश्वास नव्हता म्हणे! विश्वास नसतो, तेव्हासुद्धा भीती असतेच.

बेबाला काही झालं नाही. ती फायनल पास झाली, अंमळनेरच्या हायस्कुलातून मॅट्रिक झाली, डी.एड. झाली आणि शिरपूरकडे एका शाळेत लागली. पंचाहत्तर साली ती भिकुबाईला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी धुळ्याला घेऊन आली आणि आजीच्या हट्टामुळे दोघी बाईंच्या घरी आल्या. बेबा आता उंच, पाचवारी साडीत, खांद्याला पर्स. बाईंनी तिला दारातच न्याहाळून घेतलं, वरपासून खालपर्यंत, काट्यावर उभी केल्यासारखं. बेबा स्वयंपाकघरात चहा टाकायला गेली. भिकुबाईच्या डोळ्यावर हिरवी पट्टी होती. ती चाचपडत पुढे सरकली आणि बाईंचा हात शोधून धरला.

"बाई, माले म्हाईत व्हतं," ती हळूच म्हणाली.

"काय माहीत होतं, अक्का?"

"पोर न्हाती व्हयनी ते. पयला महिनापाईन. सुननी माले येडी समजी लिधी. मी बी बाईच शे ना. दखं, आनि गप बसनू."

लाडकुंवरबाईंना पहिल्यांदा कळेचना. मग एकदम कळलं. पोर आईचं गुपित फोडत नव्हती, सून सासूपासून लपवत होती, आणि सासू सगळं बघून लेकापासून लपवत होती. एका घरात तिघी बायका, तिघींचं कपट एकच, आणि एकीचं दुसरीला माहीत नाही! आणि जिला सगळं गाव घाबरायचं, ती म्हातारी विटाळाचा रोट जाणूनबुजून जेवली होती.

"मग शपथ का मागितलीत?" बाईंनी विचारलं. "तुमच्याच नातीच्या डोक्यावर?"

"चुडामन मनं आयकता नही. आबा तं नहीच नही. डोकावरनी शपथ बठ्ठा मानतस." म्हातारीने हात सोडला नाही. "नातना डोकावर खोटी शपथ मी लेवाडी, तुना हातवरी. पाप मनं, आनि भार तुले दिधा. इतला वरीस माले झोप नही. डोळाना निमित करीसन उनू. माफ कर, बाई."

दरवर्षी सगळ्या जगाची क्षमा मागणाऱ्या लाडकुंवरबाईंची आजवर कोणी अशी क्षमा मागितली नव्हती. त्यांनी म्हातारीला जवळ घेतलं आणि लहान पोरीसारख्या हुंदके देऊन रडल्या. म्हातारी पट्टीखालून रडत होती आणि डॉक्टरने रडू नका म्हणून बजावलं होतं.

बेबा चहाचे कप घेऊन आली आणि दोघींकडे बघून चपापली. "डोळा दुखतोय का, आजी?" तिने विचारलं. मग कप ठेवता ठेवता, काहीतरी बोलायचं म्हणून, ती हसत म्हणाली, "बाई, आमची उंची, वजन घ्यायचात, शेंगा फोडायला लावायचात, त्याचं मोठं पुस्तक होणार होतं ना? गुरुजी सांगायचे, की बाई डॉक्टर होणार. झालं का हो ते?"

लाडकुंवरबाईंनी पदराने डोळे पुसले. समोर बेबा उभी होती, मास्तरीण बेबा.

"झालं की," त्या म्हणाल्या. "केव्हाच झालं."

या खेपेला शपथ कोणी मागितली नाही.